शर्यतीचं दुसरं पाणी

माझ्या हुद्द्याचं नाव ‘क्लार्क ऑफ द कोर्स’ असं होतं. लग्नाची बोलणी चालू असताना सासऱ्यांनी विचारलं, “कोर्स म्हणजे कॉलेजात का?” मी म्हटलं, मोटारींच्या शर्यतीत. त्यांनी चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे पेन्शन नाही.”

पेन्शन खरंच नाही. तरी त्यांनी मुलगी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आणि पुढे वीसएक वर्षं याच कामावर आमचं कोथरूडचं घर चाललं, याबद्दल आणखी एका व्यक्तीचा ऋणी आहे. हा लेख खरं तर त्या व्यक्तीबद्दल आहे.

काम काय, ते आधी सांगतो. शर्यतीच्या दिवशी मैदानावर शेवटचा शब्द ज्याचा, तो मी. गाड्या कधी सुटणार, किती फेऱ्या मारणार, कोणत्या वळणावर कोण झेंडा घेऊन उभं राहणार, आणि काही वेडंवाकडं घडायची चिन्हं दिसली तर लाल झेंडा दाखवून सगळं थांबवायचं केव्हा, हे मी ठरवायचो. मला स्वतःला तेव्हा चारचाकी येत नव्हती. मी मैदानावर स्कूटरने जायचो, हेल्मेट घालून, आणि गाडीवाले ते हेल्मेट बघून हसायचे.

संपादकांनी फोनवर सांगितलं, गमतीजमती लिहा. लिहितो, पुष्कळ आहेत. पण त्यांच्यात एक गोष्ट गमतीची नाही. एका अंतिम शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्या माझ्यामुळे झाल्या नाहीत, आणि त्यात एका मुलीच्या हातून, पुन्हा कधी आली नाही अशी संधी गेली. त्याबद्दल मी आजवर चारचौघांत अवाक्षर काढलेलं नाही. बोलणं हा माझा स्वभाव नाही. लिहिणं तर नाहीच.

आमच्या शर्यतींना ‘स्टॉक’ गटाच्या शर्यती म्हणत. स्टॉक म्हणजे शोरूममधून निघाली तशीच गाडी. इंजिनाला हात लावायचा नाही, फक्त आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस चेपत नाही. तोपर्यंत मोटार ही आपल्याकडे सणाला पुसून हार घालायची वस्तू होती. मग परदेशी पैशाला दारं उघडली, नवनव्या गाड्या आल्या, टायर आणि ऑइलच्या कंपन्यांना जाहिरातीला जागा हवी झाली, आणि आमच्या मालकांनी नोकरी सोडून शर्यती भरवण्याचा धंदा काढला. लोणी काळभोरच्या बाहेर बापूसाहेब म्हणून एक बागायतदार होते. त्यांचं ऊस निघालेलं मोकळं रान आम्ही महिनाभरासाठी घ्यायचो, त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवायचो, आणि लांबट अंड्याच्या आकाराचा मातीचा रस्ता काढायचो. त्यावर आठशे सीसीच्या गाड्या एकमेकींना धक्के मारत पळायच्या.

त्याच सुमारास केबलवर अमेरिकेतल्या अशा शर्यती दिसायला लागल्या. कढईसारखं उतरतं मैदान, आणि पाचशे पाचशे मैल. चार तास गाड्या पळतायत, मध्येच थांबून टायर बदलतायत, पेट्रोल भरतायत. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला प्रत्येक जण मला विचारायचा, तिकडे चार तास आणि तुमची वीस मिनिटांत का हो संपते? त्यातले काही खवचटपणे विचारायचे. “पेट्रोल परवडत नाही का?”

तर ऐका. शर्यत किती लांब, हे ड्रायव्हरच्या हिमतीवर ठरत नाही. तिकडेही नाही. तिकडे जुनी परंपरा असते, गोल आकडा पोस्टरवर चांगला दिसतो, टीव्हीवाल्यांना दुपार भरायची असते. आमच्याकडे टीव्हीवाल्यांनी अर्धा तास दिलेला असायचा, त्यात जाहिराती आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचं भाषण. मग छोट्या गाडीचा रेडिएटर: धुरळ्याने जाळी बुजली की पाणी उकळायला लागतं. पेट्रोल आम्ही मुद्दामच बेताचं भरू द्यायचो, गाडी उलटली तर आग नको म्हणून. संध्याकाळी ऊन पश्चिमेच्या वळणावर नेमकं डोळ्यांत जायचं, त्याआधी संपवणं भाग. आणि बापूसाहेबांची अट वेगळीच. ते म्हणाले होते, “दिवस कलला की जनावरं ह्याच वाटनं घरला येत्यात. त्यांना तुमचा झेंडा कळत न्हाय.”

पण या सगळ्यांच्या वर एक गोष्ट होती. पाणी.

मातीच्या रस्त्यावर सुटण्याआधी टँकरने पाणी मारावं लागतं. नाहीतर पहिल्याच फेरीत असा धुरळा उठतो की मागच्याला पुढची गाडी दिसत नाही. जास्त मारलं तर चिखल होतो आणि गाड्या घसरतात. आमचा अनुभव असा की पहिला टँकर माती पिऊन टाकते. अर्ध्या तासाने दुसरा मारायचा, तो वर राहतो, आणि तोच शर्यतीच्या कामाचा. किती फेऱ्या धरायच्या, हे मी दुसऱ्या पाण्यानंतर माती मुठीत दाबून ठरवायचो. गोळा होऊन जरा वेळाने फुटला, तर पंधरा फेऱ्या निघायच्या. लगेच फुटला तर दहा. मंडपात बसलेल्या पाहुण्यांना वाटायचं, मी धरणीमातेला नमस्कार करतोय.

हे न समजणारी माणसं पुष्कळ भेटली. एका रंगाच्या कंपनीचे साहेब म्हणाले, शंभर फेऱ्या करा, आमचं शंभरावं दुकान उघडतंय. मी त्यांना समजावलं की शंभर फेऱ्यांत गाड्या संपतील, पेट्रोल संपेल, आणि बापूसाहेबांच्या म्हशी मैदानात येतील. ते म्हणाले, “मग छोट्या छोट्या फेऱ्या मारा.” पुढे हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या लोकांच्या सहलीसाठी आम्हाला बोलावलं. तिथला एक तरुण दिवसभर माझ्यामागे फिरत होता. मी माती मुठीत घेतलेली बघून त्याने विचारलं, “सर, हे तुम्ही मॅन्युअली करता?” मी म्हटलं, हो, मातीला अजून ईमेल नाही. त्याने प्रामाणिकपणे मान हलवली.

आता सुजाता.

सुजाता खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. ती खडकी बाजारातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. वय तेव्हा तेवीस-चोवीस. शनिवारी दुपारपर्यंत ती लोकांना क्लच सोडायला शिकवायची, मग त्याच गाडीचा मागचा ‘एल’ काढायचा, शिकवणाऱ्याच्या पायाखालचे जादा ब्रेक-क्लच उतरवायचे, पिंजरा बसवायचा, आणि रविवारी तीच गाडी शर्यतीला. सोमवारी सकाळी पुन्हा ‘एल’. स्कूलचे मालक पारशी होते, हौशी होते, आणि त्यांचं म्हणणं असं की शिकणारे गाडीचे जे हाल करतात, त्यापुढे शर्यत म्हणजे विश्रांती.

आमच्याकडे तेव्हा बायकांची शर्यत वेगळी असायची. जेवणाच्या आधी, तीन फेऱ्यांची. माइकवरचा माणूस जोक करायचा, फुलं दिली जायची, फोटो व्हायचा. तीन फेऱ्या कोणी ठरवल्या, का ठरवल्या, मला माहीत नाही. मी आलो तेव्हा तशाच होत्या, आणि मीही त्या तशाच चालू ठेवल्या. सुजाता अशा दोन शर्यती जिंकली. दुसऱ्या वेळी बक्षीस घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, गाडी गरम व्हायच्या आत संपते. यात मी काय दाखवलं?”

मी हसलो असेन. उत्तर दिलं नाही.

पुढच्या हंगामात मी बायकांची शर्यत बंद केली आणि त्यांना सगळ्यांबरोबर मुख्य गटात घेतलं. एका वर्तमानपत्राने चौकट छापली, समतेचं पाऊल वगैरे. माझं नाव होतं. सुजाता पेढे घेऊन ऑफिसात आली होती. मी पेढा घेतला.

खरं कारण असं की त्या वर्षी एक स्कूटरचा गट वाढला होता आणि दिवस पुरत नव्हता. काहीतरी कापायचं होतं. ज्याला कोणी ओरडणार नाही, ते मी कापलं. हे मी त्या पत्रकाराला सांगितलं नाही, आणि सुजाताला तर नाहीच.

मुख्य गटात ती पहिल्या वर्षी पाचवी आली. लोकांना आश्चर्य वाटलं, मला त्याहून जास्त. तिची पद्धत वेगळी होती. बाकीचे सुटल्या सुटल्या इंजिन पिळायचे. ती सुरुवातीला मागे राहायची, गाडी थंड ठेवायची, वळणावर टायर घासू द्यायची नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या हातून गाडीचा छळ ऐकून तिचे कान तयार झाले होते. दहाव्या फेरीनंतर पुढच्यांच्या गाड्या दमायच्या आणि ही एकेकाला गाठायची. म्हणजे बघा, शर्यत जेवढी लांब, तेवढी ती तिची. आणि लांबी ठरवणारा मी.

दुसऱ्या वर्षी एका टायर कंपनीने जाहीर केलं की अंतिम शर्यतीत जो पहिला येईल, त्याला दक्षिणेतल्या मोठ्या स्पर्धेत वर्षभर आमची गाडी देऊ. पक्क्या डांबरी ट्रॅकवर, त्यांचे मेकॅनिक, त्यांचा खर्च. असं आपल्याकडे कोणी कुणाला देत नव्हतं. सुजाताने ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना विचारून ठेवलं होतं, वर्षभर सुट्टी मिळेल का म्हणून. वडील तर कारखान्यात सांगून बसले होते.

फेब्रुवारीतला रविवार. कोरडी हवा, आणि दुपारनंतर वारा सुटला. मैदानाच्या एका बाजूला प्रायोजकांचा मंडप होता, पांढऱ्या कापडाने मढवलेल्या खुर्च्या, जेवणाची टेबलं. वारा नेमका तिकडे. अंतिम शर्यतीआधी मी पहिला टँकर मारून घेतला. दुसरा भरून उभा होता. गाड्या रांगेत लागल्या होत्या, ड्रायव्हर आत बसले होते. तेवढ्यात आमचे मालक आले.

“अहो, पाहुण्यांच्या ताटात माती पडतेय. पार्किंगपासून मंडपापर्यंत सगळा धुरळा आहे. हा टँकर तिकडे फिरवा.”

मी म्हटलं, दुसरं पाणी ट्रॅकचं आहे.

“ट्रॅक ओला दिसतोय की. आणि टायरवाले साहेब रुमाल धरून बसलेत तोंडाला. त्यांच्या जिवावर आहे सगळं.”

मालक ओरडले नाहीत, धमकावलं नाही. नाही म्हटलं असतं तर चरफडले असते आणि गप्प बसले असते, मी त्यांना ओळखत होतो. मी ट्रॅककडे बघितलं. वरून ओला दिसत होता. मूठ भरून माती दाबून बघायला मी वाकलो नाही, कारण गोळा फुटेल हे मला माहीत होतं. मी टँकरवाल्याला हात केला आणि मंडपाकडे बोट दाखवलं.

बापूसाहेब बांधावर बसले होते. टँकर समोरून वळताना बघून ते म्हणाले, “का हो? आता गाड्या मांडवात पळणार हायत का?”

मी पंधरा फेऱ्याच जाहीर केल्या. कमी केल्या असत्या तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं.

पुढे एका बिल्डरचा मुलगा होता, रोहित. मुलगा चांगला, हात बिनधास्त. तो सुटला तो पहिलाच. सुजाता सहाव्या नंबरवर, नेहमीप्रमाणे. सात-आठ फेऱ्या ठीक गेल्या. मग लांबच्या वळणावर पहिला पांढरा धूर दिसला. धूर नव्हे, धुरळा. तोपर्यंत सुजाता तिसरी झाली होती. अकराव्या फेरीत ती दुसरी होती, आणि रोहितच्या गाडीचं इंजिन आवाज करायला लागलं होतं, मला झेंड्याच्या चौथऱ्यावर ऐकू येत होतं. ती एकेका वळणाला त्याच्या जवळ येत होती. मंडपातले लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. माइकवाला तिचं नाव घेत होता आणि या वेळी जोक करत नव्हता.

लांबच्या वळणावर आमचे गोखले उभे असायचे. बँकेत नोकरी, रविवारी हौसेने झेंडा. नियम असा की एका वळणावरचा झेंडेवाला पुढच्याला दिसला पाहिजे. बाराव्या फेरीत मला गोखले दिसले नाहीत. वळणच दिसलं नाही. एक पिवळट भिंत उभी होती आणि त्या भिंतीत एकामागून एक अकरा गाड्या शिरत होत्या.

मी लाल झेंडा दाखवला. ते बरोबरच होतं. त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. गोखल्यांच्या अंगावर गाडी गेली असती. सुजाता धुरळ्यातून बाहेर आली तेव्हा तिची गाडी रोहितच्या मागच्या बंपरला जवळजवळ टेकलेली होती. पण शर्यत थांबवली की आदल्या पूर्ण झालेल्या फेरीचा क्रम धरतात, आणि निम्म्याहून पुष्कळ फेऱ्या झालेल्या असल्या की निकाल कायम होतो. रोहित पहिला. सुजाता दुसरी.

उरलेल्या फेऱ्या झाल्या असत्या तर ती जिंकली असती.

निकाल लागल्यावर अर्धा तास तक्रारीसाठी ठेवतात. ड्रायव्हरने लेखी तक्रार द्यायची, पंच ऐकून घेतात. त्या दिवशी सकाळी सगळ्यांना दिलेल्या सूचनांत साफ लिहिलेलं होतं की अंतिम शर्यतीआधी दोनदा पाणी मारलं जाईल. ते मीच लिहिलं होतं. तिने एवढं एक वाक्य दाखवलं असतं, तर निकाल रद्द झाला असता, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शर्यत घ्यावी लागली असती, आणि मी घरी बसलो असतो. पंच बाहेरगावचे होते, त्यांना मालकांचं काही पडलेलं नव्हतं.

मी टेबलाशी बसलो होतो. ती आली, बरोबर वडील होते. तिने हेल्मेट काढलं होतं, डोळ्यांभोवतीचा भाग तेवढा स्वच्छ आणि बाकी तोंड मातीने भरलेलं. वडिलांनी विचारलं, अगदी मवाळ आवाजात, “साहेब, दुसरा टँकर कुठं गेला?”

मी टेबलावरचे कागद सरळ केले.

ते थांबून राहिले. मग सुजाता म्हणाली, “बाबा, चला. गाडीतला पिंजरा उतरवायचा आहे. उद्या सातची बॅच आहे.”

ते निघून गेले. अर्धा तास संपला. टायरवाल्या साहेबांनी रोहितला गाडीची मोठी पुठ्ठ्याची किल्ली दिली. मालकांनी मला जवळ घेऊन सांगितलं की वेळेवर झेंडा दाखवलात, मोठा अनर्थ टळला. सगळे तेच म्हणत होते. घरी जाऊन मी बायकोलाही तेच सांगितलं.

महिनाभराने मी खडकीच्या त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. गाडी शिकायची म्हणून. कोथरूडमध्ये चार स्कूलं असताना रोज स्कूटरने खडकीला का जातोस, असं बायकोने विचारलं, त्याला मी तिकडे रस्ते रिकामे आहेत असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

सुजाताने मला कुठल्याही विद्यार्थ्यासारखं वागवलं. आरसा बघा, पाय पूर्ण उचला, हात हातावरून नको. मी रोज ठरवून जायचो आणि रोज न बोलता परत यायचो. तिच्यासारखी शिकवणारी नाही, एवढं सांगतो. अंगावर ओरडायची नाही. चूक झाली की गाडीच बंद पडू द्यायची, आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

एक दिवस कॅन्टोन्मेंटमधल्या सरळ रस्त्यावर, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना मी बोललो. समोर बघत होतो म्हणून बोलता आलं. म्हटलं, सुजाता, त्या दिवशी दुसरा टँकर मीच मंडपाकडे पाठवला.

“आरशात बघा,” ती म्हणाली. “मागे बस आहे. जाऊ द्या तिला.”

मी बस जाऊ दिली.

“मला माहीत आहे सर. मी रांगेत गाडीत बसले होते. टँकर माझ्यासमोरूनच वळला. तुमचा हातही दिसला.”

मी विचारलं, मग तक्रार का नाही केली?

“बाबा तेच म्हणत होते. अजून म्हणतात.” तिने आरसा नीट केला. “केली असती तर तुम्हाला काढलं असतं. मग पुढच्या वर्षी दुसरं कोणी आलं असतं, आणि मला परत तीन फेऱ्या आणि फुलं. तुम्ही एकटेच होता ज्यांनी मला पंधरा दिल्या.”

खरं म्हणजे इथे गप्प बसता आलं असतं. अर्धं बोलून झालं होतं आणि माफीही मिळाल्यासारखी होती. पण ते तसंच ठेवून मी तिच्या शेजारी रोज बसू शकलो नसतो. मी सांगितलं की बायकांची शर्यत मी बंद केली ती दिवस पुरत नव्हता म्हणून. समता वगैरे काही नव्हतं डोक्यात. वेळापत्रक होतं.

तिच्या पायाखालच्या ब्रेकने गाडी उभी राहिली. मी स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचलो.

समोरून जवानांची एक तुकडी कवायतीला चालली होती, ती पूर्ण गेली. मग ती म्हणाली, “म्हणजे दोन वर्षं मी चुकीच्या माणसाचे आभार मानतेय.”

मी हो म्हटलं.

“पेढेसुद्धा खाल्लेत.”

“एक खाल्ला,” मी म्हटलं.

तिला हसू आलं नाही. ती रागावली होती, आणि तो राग टँकरचा नव्हता. तो आठवडाभर टिकला. आठवडाभर ती फक्त गिअर आणि ब्रेक एवढंच बोलली. लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी मात्र स्वतः बरोबर आली, मी आठचा आकडा काढताना बाजूला उभी राहिली, आणि पास झाल्यावर म्हणाली, “आता तरी मुद्दाम करा सर. आधी चुकून केलंत ते आता ठरवून करा.”

एवढं एकच तिने माझ्याकडे मागितलं. ते मी केलं. पुढच्या हंगामापासून मंडप वाऱ्याच्या उलट बाजूला घालायला लावला, आणि ट्रॅकचं पाणी ट्रॅकलाच, हे मालकांकडून कबूल करून घेतलं. एका वर्षी मंडपातल्या कुणीतरी भाषणात म्हटलं की महिलांची वेगळी शर्यत पुन्हा सुरू व्हावी, ती कौटुंबिक वाटते. मी माइक मागून घेतला आणि नाही म्हणून सांगितलं. माझ्यासारख्याने माइक मागितला, यावर मालकांचा विश्वास बसला नाही. सुजाता आणखी तीन हंगाम पळली. दोनदा दुसरी आली, एकदा पहिली. टायर कंपनीने मात्र ती योजना एकाच वर्षात गुंडाळली होती. ज्या वर्षी ती पहिली आली, त्या वर्षी बक्षीस म्हणून मिक्सर मिळाला.

डांबरी ट्रॅकवर ती कधीच पळली नाही.

आता तिची स्वतःची तीन ड्रायव्हिंग स्कूलं आहेत, त्यातलं एक आमच्या कोथरूडमध्ये. माझी मुलगी तिथेच शिकली. मी पुढे वीस वर्षं त्याच कामावर राहिलो, किती शर्यती घेतल्या, मोजल्या नाहीत. लोक विचारतात, एवढी वर्षं एकाच ठिकाणी कसे टिकलात? मी कधी खरं उत्तर दिलं नाही. खडकीच्या एका मुलीने अर्धा तास गप्प बसायचं ठरवलं, तेवढ्यावर टिकलो. त्या गप्प बसण्यात तिचा हिशेब होता आणि तो हिशेब माझ्याबद्दलच्या चुकीच्या समजुतीवर उभा होता, हेही खरं. तरी पदरात जे पडलं, ते माझ्या पडलं. रात्री कधी जाग आली की मी ते आठवतो, आणि पहिल्यांदा लाज वाटते, मग दुसरं काहीतरी वाटतं, ज्याला कृतज्ञता हाच शब्द आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो सुजाताकडे पाठवला. तिचं नाव बदलतो, असंही कळवलं. दोन दिवसांनी फोन आला. नाव बदलू नका, म्हणाली, बाबा नव्वदीला आलेत, त्यांना वाचून दाखवायचंय. मिक्सर अजून चालतो, तेही लिहा. मग म्हणाली, एका ठिकाणी दुरुस्ती आहे.

मी कागद घेऊन बसलो.

“उरलेल्या फेऱ्या झाल्या असत्या तर मी बहुधा जिंकले असते, असं लिहिलंय तुम्ही.”

मी म्हटलं, शर्यतीत काय, काहीही होऊ शकतं. टायर फुटू शकतो.

“सर,” ती म्हणाली, “‘बहुधा’ काढा.”

मी काढला आहे.